आजार शोधण्याआधी ब्राउझरला चाळणी लावा

हळद पिकवणारा शेतकरी हळदीच्याच गोळ्या खाऊन आजारी पडेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण वाळवा तालुक्यातले साठी ओलांडलेले एक आबा आमच्या ओपीडीत आले ते डोळे पिवळेधमक घेऊन. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) भूक मेलेली, लघवी गडद, अंगाला खाज. रक्ताचा अहवाल आला तेव्हा एसजीपीटी बाराशेच्या पुढे होतं. हे प्रमाण साधारण चाळीसपर्यंत असायला हवं.

कावीळ म्हटली की आम्ही ठरावीक वाटेनं जातो. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळ्या तपासण्या झाल्या, काहीच निघालं नाही. सोनोग्राफीत खडा नाही, गाठ नाही. दारूचं विचारलं तर आबांनी गळ्यातली माळ पुढे केली. "माळकरी हाय सायेब."

"दुसरं काही औषध? झाडपाला, काढा, गोळ्या?"

"औषध न्हाई. हळदीच्या गोळ्या तेवढ्या. ते काय औषध म्हनायचं का?"

मुलानं पिशवीतून बाटली काढली. कर्क्युमिनचा अर्क, सोबत काळ्या मिरीचा अर्क, रोज दोन. आबांचे गुडघे दुखत होते म्हणून मुलानं फोनवर 'गुडघेदुखीवर उपाय' असं शोधलं होतं. एक पान उघडलं, त्यात ही गोळी दिसली, ऑर्डर केली आणि तीन दिवसांत घरपोच आली. तीन महिने गोळ्या चालू होत्या.

मी विचारलं, "आबा, घरात पोत्यानं राजापुरी हळद पडलेली असताना गोळ्या कशाला?"

"गोळीत ताकद जास्त असती म्हनं."

गंमत अशी की आबांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. आपल्या हळदीत कर्क्युमिन वजनाच्या साधारण तीन टक्के असतं आणि त्यातलंही फार थोडं रक्तात उतरतं. गोळीत त्याचा घट्ट केलेला अर्क असतो. मिरीतल्या पायपेरिनमुळे कर्क्युमिनचं शोषण कित्येक पटींनी वाढतं, हे १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनीच दाखवलं होतं. म्हणजे भाजीतली चिमूटभर हळद आणि ही गोळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेची नोंद ठेवणारं एक जाळं आहे. त्यांनी २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांशी संबंधित दहा रुग्ण प्रसिद्ध केले. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, एकाचा मृत्यू झाला. हा त्रास सगळ्यांना होत नाही, फार थोड्यांना होतो. पण होतो.

आबांच्या गोळ्या बंद केल्या. सात-आठ आठवड्यांत त्यांचं यकृत पूर्वपदावर आलं. त्यावर वेगळा इलाज असा करावा लागला नाही.

त्या पानावर होतं काय?

आबा दाखल असताना एका संध्याकाळी मी मुलाला ते पान पुन्हा उघडायला लावलं. मला वाटलं होतं, कुठलीतरी भोंदू वेबसाइट असेल. तसं नव्हतं. लेख चांगला होता. वजन कमी करा, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम करा, मांडी घालून बसणं टाळा, दुखणं वाढलं तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, असा मी ओपीडीत देतो तोच सल्ला त्यात होता. पण दर दोन परिच्छेदांनंतर एक जाहिरात होती. तीच अक्षरं, तसंच शीर्षक, पांढरा कोट घातलेल्या माणसाचा फोटो. 'जाहिरात' हा शब्द कोपऱ्यात, मुंगीएवढा. मुलानं लेख वाचला आणि लेखानं न सांगितलेली गोळी मागवली. लेख कुठे संपला आणि दुकान कुठे सुरू झालं, हे त्याला कळलंच नाही. खरं सांगायचं तर चष्मा काढल्यावर मलाही कळलं नसतं.

आपल्याकडे यावर कायदा आहे. १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, मुतखडा अशा पन्नासहून अधिक आजारांवर इलाजाचा दावा करणाऱ्या जाहिरातींना मनाई करतो. पण तो झाला तेव्हा जाहिरात भिंतीवर रंगवलेली असायची किंवा पेपरात छापलेली. आज ती फक्त तुमच्याच फोनवर, तुम्ही गुडघा शोधल्यानंतर पाच मिनिटांत उमटते आणि शेजाऱ्याच्या फोनवर दिसतही नाही.

मुलाच्या परवानगीनं मी त्याच्या फोनमध्ये फायरफॉक्स घातला, त्याला एक छोटं ॲड-ऑन जोडलं आणि तेच पान पुन्हा उघडलं. लेख तेवढा राहिला, दुकान गेलं. मुलगा थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "एवढंच होतं व्हय त्यात?"

हा लेख त्या 'एवढंच'साठी आहे.

ॲड-ऑन म्हणजे काय

आपण इंटरनेटवरची पानं ज्यातून पाहतो ते क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी म्हणजे ब्राउझर. मिक्सरला जसं एखादं जादा भांडं जोडता येतं, तसं ब्राउझरला एखादं काम वाढवून देणारा छोटा प्रोग्रॅम जोडता येतो. त्याला ॲड-ऑन किंवा एक्स्टेन्शन म्हणतात. बहुतेक फुकट असतात.

मी संगणकतज्ज्ञ नाही. औषधं लिहून देणं हा माझा धंदा, म्हणून मी याकडेही औषधासारखंच बघतो. तक्रार काय, त्यावर उपाय कोणता, तो किती घ्यायचा, दुष्परिणाम कोणते. आणि सगळ्यात आधीचा प्रश्न म्हणजे औषधाची गरज आहे का?

जाहिराती आणि पाळत

आरोग्याविषयी वाचणाऱ्या कुणालाही मी एकच ॲड-ऑन सुचवायचं ठरवलं, तर ते 'यूब्लॉक ओरिजिन' असेल. रेमंड हिल नावाच्या प्रोग्रॅमरनं २०१४ मध्ये ते सुरू केलं. ते फुकट आहे आणि त्याचा कोड कुणालाही तपासता येतो. पान उघडताना जाहिराती आणि पाळत ठेवणारे तुकडे ते आत येऊच देत नाही. त्यामुळे पान लवकर उघडतं आणि डेटाही वाचतो.

यातला पाळतीचा भाग जाहिरातीपेक्षा गंभीर आहे. टिमोथी लिबर्ट या संशोधकानं २०१५ मध्ये आरोग्याविषयीची ८० हजारांहून अधिक पानं तपासली. त्यांतल्या ९१ टक्के पानांनी वाचकाच्या भेटीची खबर कुठल्या ना कुठल्या तिसऱ्या कंपनीकडे पाठवली होती. अशा खबरींपैकी सुमारे ७० टक्क्यांत पानाच्या पत्त्यातूनच आजाराचं, लक्षणाचं किंवा उपचाराचं नाव उघड होत होतं. ओपीडीत रुग्ण खुर्ची पुढे ओढून, दाराकडे बघून, हळू आवाजात मला जे सांगतो, तेच तो फोनवर टाइप करतो तेव्हा किती जणांच्या कानावर जातं याचा विचार करा. 'इन्कॉग्निटो' खिडकी उघडली की सुटलो, असंही नाही. त्यानं तुमच्या फोनमध्ये इतिहास उरत नाही एवढंच. समोरच्या वेबसाइटला तुम्ही दिसताच.

शोधाच्या निकालात सर्वात वर दिसणारे दुवेही पुष्कळदा पैसे देऊन लावलेले असतात. ओळखीच्या संस्थांची नावं लावून फसवणूक करणाऱ्या अशा जाहिरातींबद्दल अमेरिकेच्या एफबीआयनं डिसेंबर २०२२ मध्ये इशारा दिला होता. त्यात शोध घेताना जाहिरात रोखणारं एक्स्टेन्शन वापरा, असा सल्ला होता. रुग्णालयाचा अपॉइंटमेंटचा नंबर शोधताना भलत्याच नंबरवर पैसे भरून बसलेले नातेवाईक मी पाहिले आहेत, म्हणून हा सल्ला मला पटला.

आता वापराच्या सूचना. क्रोमनं आपले नियम बदलल्यामुळे मूळ यूब्लॉक ओरिजिन आता तिथे चालत नाही, त्याची 'यूब्लॉक ओरिजिन लाइट' ही हलकी आवृत्ती चालते. फायरफॉक्सवर मूळ रूप चालतं. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोमला ॲड-ऑन जोडायची सोयच नाही आणि आपल्याकडे बहुतेकांच्या हातात तोच असतो. फायरफॉक्सनं मात्र डिसेंबर २०२३ पासून अँड्रॉइड फोनवर शेकडो ॲड-ऑन खुले केले आहेत. फोनवर आजार शोधायचा तर फायरफॉक्स, बाकी कामाला क्रोम, अशी वाटणी मी घरी करून दिली आहे.

एक प्रामाणिक टीप. तुम्ही वाचताय ते वर्तमानपत्रही जाहिरातींवर चालतं. ज्या वेबसाइटवर तुमचा विश्वास आहे आणि जिच्या जाहिराती सभ्य आहेत, तिच्यापुरता हा अडसर एका टिचकीनं काढता येतो. तो काढावा.

दुसरं म्हणजे एका दुखण्यावर एकच औषध. जाहिरात रोखणारी दोन-तीन ॲड-ऑन एकदम घातली तर ती एकमेकांच्या पायात येतात, पानं मोडतात आणि संरक्षण काही दुप्पट होत नाही.

औषधाविना भागत असेल तर

वयस्कर वाचकांची तक्रार असते की अक्षर बारीक आहे आणि पान गजबजलेलं. इथे ॲड-ऑनची गरजच नाही. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत पानासारखं एक छोटं चिन्ह दिसतं, ते दाबलं की नुसता मजकूर मोठ्या अक्षरात समोर येतो. एज आणि क्रोममध्येही अशी वाचनाची सोय आहे. एज मजकूर मोठ्यानं वाचूनही दाखवतो आणि त्यात मराठी आवाज आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत वाट पाहणाऱ्या माझ्या एका रुग्ण बाईंना नातीनं हे लावून दिलं. "बाई जरा शुद्ध बोलती, पन कळतंय," असा त्यांचा अभिप्राय.

पान काळं करून अक्षरं पांढरी करणारं 'डार्क रीडर' हे ॲड-ऑनही लोकप्रिय आहे. अंधारात वाचताना ज्यांना झगझगाट सहन होत नाही, त्यांनी खुशाल वापरावं. पण त्यानं डोळ्यांचा शीण बरा होतो, असं समजू नये. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांच्या १७ चाचण्यांचा आढावा कोक्रेन या संस्थेनं २०२३ मध्ये घेतला. निदान थोड्या काळात तरी डोळ्यांच्या शिणात फरक पडण्याची शक्यता दिसली नाही. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, डोळा कोरडा पडतो. त्यावर इलाज म्हणजे मध्येमध्ये लांब बघणं आणि उठून पाणी पिणं.

'संशोधनानं सिद्ध' म्हणजे काय, हे पाहायचं असेल तर

आबांच्या बाटलीवर 'शास्त्रीय संशोधनावर आधारित' असं छापलेलं होतं. असं वाक्य दिसलं की मूळ संशोधन बघावं. पूर्वी ते आमच्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांनाही अवघड होतं. मी साताऱ्यात नोकरीला लागलो तेव्हा एखादा निबंध हवा असला तर मिरजेच्या किंवा पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या मित्राला पत्र टाकायचं आणि तो झेरॉक्स पाठवेल तेव्हा वाचायचं. आज पबमेड या अमेरिकी राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या सूचीत कोट्यवधी निबंधांच्या नोंदी आणि बहुतेकांचे सारांश कुणालाही फुकट वाचता येतात. पण पूर्ण निबंध उघडायला गेलं की अनेकदा डॉलरमधला आकडा समोर येतो.

इथे 'अनपेवॉल' उपयोगी पडतं. जेसन प्रीम आणि हेदर पिवोवार या दोघांच्या संस्थेनं २०१७ मध्ये ते आणलं. निबंधाच्या पानावर गेलात की ते कायदेशीर मोफत प्रत कुठे आहे का, ते शोधतं. लेखकानं विद्यापीठाच्या संग्रहात ठेवलेली किंवा सरकारी भांडारातली प्रत सापडली, तर पानाच्या कडेला हिरवं कुलूप दिसतं. ते दाबायचं, निबंध उघडतो. चोरीची प्रत ते देत नाही. २०१८ मध्ये त्यांनीच प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार वापरणारे जे निबंध उघडायला जातात, त्यांपैकी सुमारे ४७ टक्के मोफत मिळतात. यकृत-इजेच्या ज्या दहा रुग्णांचा उल्लेख वर केला, तो निबंध मी घरच्या लॅपटॉपवर पूर्ण वाचला आणि एक पैसा भरला नाही. भारत सरकारनंही नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तिच्यातून शासकीय उच्च शिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली होत आहेत. घरी बसलेल्या सामान्य वाचकाला मात्र अजून हिरवं कुलूपच जवळचं.

मूळ कागद हाती असण्यात काय ताकद असते, हे सांगलीकरांनी तरी विसरू नये. हळदीनं जखम भरते या आपल्या आजीच्या माहितीवर १९९५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांना पेटंट मिळालं होतं. आपल्या सीएसआयआरनं डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली ते आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. तो विजय भाषणांनी मिळाला नाही. संस्कृत ग्रंथांतले दाखले आणि १९५३ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापलेला निबंध असे जुने कागद शोधून मांडले, म्हणून मिळाला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. तोच अभिमान जाहिरातदार वापरून घेतात. हळद आपली, मग तिची गोळी अपाय कसा करील?

मूळ निबंध बघितले तर चित्र वेगळं दिसतं. २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त कर्क्युमिनवरच्या संशोधनाचा मोठा आढावा आला. शंभराहून अधिक मानवी चाचण्या झाल्या, पण कडक कसोटीची एकही चाचणी यशस्वी ठरली नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. गुडघेदुखीवरच्या काही लहान चाचण्यांत थोडा आराम दिसतो, हेही खरं आहे. पण 'थोडा आराम, लहान चाचणी' असं कुठल्या बाटलीवर छापलेलं मी पाहिलेलं नाही.

आणखी एक पायरी आहे. छापून आलेला निबंध पुढे मागेही घेतला जातो. कर्क्युमिनवर विपुल लिहिणाऱ्या अमेरिकेतल्या एका संशोधकाचे दोन डझनांहून अधिक निबंध असे मागे घेतले गेले आहेत. पण जाहिरातींत आणि फॉरवर्डमध्ये मागे घेतलेले निबंधही फिरत राहतात. 'पबपीअर' हे ॲड-ऑन घातलं असेल, तर तुम्ही उघडलेल्या निबंधावर इतर शास्त्रज्ञांनी शंका घेतल्या आहेत का, हे पानावरच एका पट्टीत दिसतं. वैद्यकीय, फार्मसी आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी 'झोटेरो' वापरावं. संदर्भ जतन करण्याचं ते फुकट साधन आहे आणि त्याचा जोडणारा भाग ब्राउझरमध्ये बसतो. जतन केलेला निबंध मागे घेतला गेला, तर २०१९ पासून ते लाल अक्षरांत बजावतं.

रात्री अडीच वाजताचा शोध

साताऱ्यात असताना एक निवृत्त शिक्षक दर पंधरवड्याला येत. छातीत धडधड. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड सगळं ठीक. एकदा त्यांच्या पत्नीनं सांगितलं, "रात्री अडीचला उठून फोनवर वाचत बसतात. वाचलं की धडधड वाढते, वाढली की आणखी वाचतात." आजाराच्या काळजीपोटी शोधत राहायचं आणि शोधामुळेच काळजी वाढायची, या चक्राला आता 'सायबरकाँड्रिया' असं नावही मिळालं आहे.

इथे 'लीचब्लॉक' नावाचं ॲड-ऑन कामी येतं. ठरावीक वेबसाइट ठरावीक वेळेत बंद ठेवायच्या किंवा दिवसाला पंधरा मिनिटंच उघडू द्यायच्या, असे नियम आपणच त्यात घालायचे. स्वतःच स्वतःला घातलेलं कुलूप ते, काढताही येतं. पण रात्री अडीचला काढावं लागतं म्हणून माणूस क्षणभर थांबतो. गुरुजींच्या मुलानं तसं लावून दिलं. मात्र गुरुजी बरे झाले ते ॲड-ऑननं नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे चार-पाच वेळा नीट बोलणं झालं, थोडं औषध झालं, सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालणं सुरू झालं. ॲड-ऑननं तोवर रात्रीची झोप राखली, एवढंच त्याचं श्रेय.

दुष्परिणाम

आता या लेखातला सर्वात महत्त्वाचा भाग. ॲड-ऑन घालताना एक वाक्य समोर येतं. 'सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे'. आपण ते न वाचता 'हो' म्हणतो. त्याचा अर्थ अगदी सरळ आहे. बँकेचं पान, मेल, लॅबचा रिपोर्ट, सगळं त्याला दिसतं.

२०१९ मध्ये सॅम जदाली या सुरक्षा-संशोधकानं एक प्रकरण उघडकीस आणलं. चित्र मोठं करून दाखवणं, मजकूर वाचून दाखवणं अशी साधी कामं करणारी आठ एक्स्टेन्शन लाखो लोकांच्या ब्राउझरमधून त्यांनी उघडलेल्या पानांचे पत्ते गोळा करत होती आणि ती माहिती विकली जात होती. त्यात रुग्णांची आणि त्यांच्या डॉक्टरांची नावंही होती.

मालक बदलला की माल बदलतो, हाही धोका आहे. 'द ग्रेट सस्पेंडर' हे सुमारे वीस लाख लोकांचं आवडतं एक्स्टेन्शन २०२० मध्ये त्याच्या कर्त्यानं विकलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक कोड असल्याचं सांगून गूगलनं ते बंद केलं. कंपनी प्रामाणिक असूनही घात होतो. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सुरक्षा-कंपनीच्या कर्मचाऱ्याला फसवून चोरट्यांनी नाताळाच्या सुट्टीत तिच्याच एक्स्टेन्शनची विषारी आवृत्ती लोकांकडे पोहोचवली.

आणि नावांतलं साम्य. औषधांच्या दुकानात एका अक्षराच्या फरकानं भलतीच गोळी हातात पडते, तसंच इथेही होतं. जाहिरात रोखण्याच्या नावाखाली चालणारी पाच बनावट एक्स्टेन्शन २०१८ मध्ये सापडली, तेव्हा ती दोन कोटींहून अधिक लोकांनी घातलेली होती. 'यूब्लॉक' आणि 'यूब्लॉक ओरिजिन' ही दोन वेगळी आहेत. 'ओरिजिन' हा शब्द आणि रेमंड हिल हे नाव बघूनच घ्या.

म्हणून काही पथ्यं.

ॲड-ऑन फक्त ब्राउझरच्या अधिकृत दुकानातून घ्या. कुठलंही पान 'आधी हे घाला, मग व्हिडिओ दिसेल' म्हणालं, तर ते पान बंद करा.

फायरफॉक्सच्या दुकानात मोझिलानं तपासून शिफारस केलेल्या ॲड-ऑनवर तशी खूण असते. ती बघा.

ज्याचं काम एखाद्याच वेबसाइटपुरतं आहे, त्याला सगळीकडची परवानगी देऊ नका. संगणकावरच्या क्रोममध्ये 'क्लिक केल्यावरच' असा पर्याय असतो.

तीन-चारपेक्षा जास्त ठेवू नका. वयस्कर रुग्ण गोळ्यांची पिशवी घेऊन येतात, तेव्हा आम्ही एकेक काढून विचारतो की ही कशासाठी, कुणी दिली, अजून लागते का. दर तीन महिन्यांनी ब्राउझरची पिशवी तशीच उलटी करा. जे आठवत नाही, ते काढा.

आणि माझ्या सहकारी डॉक्टर, परिचारिका, लिपिक मंडळींना विनंती. रुग्णालयाच्या संगणकावर स्वतःच्या मनानं काहीही घालू नका. तिथे रुग्णांची नावं आहेत. तो संगणक आपला नाही आणि ती माहितीही आपली नाही.

जे चाळणीतून निसटतं

महिन्यापूर्वी आबा तपासणीला आले. एसजीपीटी बत्तीस. मुलानं फोन दाखवला, ॲड-ऑन चालू होतं. पण आबांच्या हातात दुसराच फोन होता. "सायेब, भाच्यानं हे धाडलंय. बघा बरं." व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ होता, मधुमेहाची गोळी कायमची बंद करणाऱ्या एका भुकटीचा. ब्राउझरचं ॲड-ऑन व्हॉट्सॲपमध्ये काहीही करू शकत नाही. पण या वेळी आबांनी ती मागवली नव्हती, आधी विचारायला आणली होती.

वाचकांना माझं सांगणं आहे की यूब्लॉक ओरिजिन आजच घाला. 'संशोधनानं सिद्ध' म्हणणाऱ्यांना निबंध मागा आणि अनपेवॉलनं तो उघडून बघा. पण काहीही पोटात घेण्याआधी ती बाटली पिशवीत घालून डॉक्टरांकडे आणा, भले ती हळदीची असो. बाटलीवरचा एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक हा अन्नपदार्थाचा परवाना असतो. गोळी गुणकारी असल्याचा तो दाखला नव्हे. गोळीनं त्रास झाल्यासारखा वाटला तर राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवा. आम्ही डॉक्टर विचारायला विसरलो, तरी तुम्ही सांगायला विसरू नका. आबांच्या बाबतीत चौथ्या प्रश्नाला मी तिथवर पोहोचलो. तो पहिला असायला हवा होता.

जाताना आबांनी टेबलावर घरच्या हळदीची पुडी ठेवली. "ही खावा सायेब," म्हणाले, "ह्यात ताकद कमी हाय."